बाळाचे दूध आणि घरातली वडीलधारी माणसे

(श्रावणातील रविवारी आरतीनंतर ज्येष्ठ सभासद व महिला यांच्या एकत्रित सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्या निवृत्त मिडवाइफ व हेल्थ व्हिजिटर असून आपल्या ट्रस्टच्या आरोग्य उपक्रमात स्वयंसेविका आहेत.)



आजचा विषय स्तनपानाचा आहे, आणि समोर बसलेल्यांत बहुतेकजण आजी-आजोबा आहेत. "आता आमचे यात काय काम?" असे मघाशी दोघी-तिघींनी मला हसत विचारलेही. माझे उत्तर असे की काम मुख्यतः तुमचेच आहे. या देशात मी अनेक वर्षे बाळंतिणींच्या घरी जात असे. बाळाला अंगावर पाजायचे की वरचे दूध सुरू करायचे, हा निर्णय दवाखान्यात क्वचितच होतो. तो होतो घरी, रात्री दोन वाजता, बाळ रडत असताना. आणि त्या वेळी खोलीच्या दारात उभे राहून कोण काय बोलते, यावर तो बराचसा ठरतो. "दूध पुरत नाही गं हिला" हे एक वाक्य पुरेसे होते. "तू बस, मी चहा टाकते, बाळाला पुन्हा घे" हे दुसरे वाक्यही तितकेच पुरेसे होते.

१ ते ७ ऑगस्ट हा आठवडा १९९२ पासून जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे सांगणे तीन वाक्यांचे आहे. जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला पाजावे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा नको. त्यानंतर पूरक अन्न सुरू करावे आणि दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही पाजत राहावे. आईच्या दुधावरच्या बाळांना जुलाब, छातीचे आणि कानाचे आजार कमी होतात. आईला स्तनांचा आणि बीजकोशाचा कर्करोग, तसेच मधुमेह होण्याची शक्यता कमी होते. आपल्या समाजात मधुमेह घरोघरी आहे, म्हणून हा शेवटचा फायदा विसरू नये.

मग प्रत्यक्षात काय होते? ब्रिटनमध्ये १९७५ पासून दर पाच वर्षांनी या विषयाची मोठी पाहणी होत असे. त्या मालिकेतली शेवटची २०१० साली झाली. त्यात १०० पैकी ८१ आयांनी स्तनपान सुरू केले होते. सहा महिन्यांनी ३४ जणीच पाजत होत्या. सहा महिने फक्त आईचेच दूध मिळालेली बाळे होती १०० मध्ये एक. लवकर थांबलेल्या आयांपैकी बहुतेकींना आणखी पाजायचे होते. म्हणजे इच्छा होती, साथ कमी पडली. आता "आपल्याकडे भारतात असे नाही" असे आपण म्हणू. तिथे अंगावर पाजणाऱ्या आया खूपच जास्त आहेत हे खरे. पण २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्या तासात दूध मिळालेली बाळे १०० पैकी ४२ सुद्धा नव्हती. तेव्हा दोन्हीकडे काहीतरी अडते आहे. काय अडते, ते पाहू.

पान्हा आणि विहीर

आपल्या भाषेत एक फार नेमका शब्द आहे, पान्हा. दूध तयार होणे वेगळे आणि पान्हा फुटणे वेगळे, हे आपल्या शेतकरी घरांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. अनोळखी माणूस धार काढायला बसला, कुत्रे अंगावर आले, वासरू दूर नेले, की गाय पान्हा चोरते. कासेत दूध असते, पण खाली उतरत नाही. बाईच्या शरीराचेही तसेच आहे. दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक बाळाने ओढले की वाढते, आणि रात्री ते अधिक असते. दूध बाहेर सोडणारे दुसरे संप्रेरक ऑक्सिटोसिन. भीती, वेदना, लाज किंवा मनावरचा ताण असला की ते अडते. म्हणून बाळंतिणीसमोर "हिच्या आईलाही दूध नव्हते" असे बोलणे म्हणजे धार काढताना कुत्रे सोडण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट विहिरीची. उपसा चालू राहिला तर झरे वाहते राहतात. बाळाला एक बाटली दिली की ते तेवढे कमी ओढते. कमी ओढले की दूध कमी तयार होते. मग दुसरी बाटली लागते. बहुतेक घरांत "दूध आटले" ते या रीतीने आटते.

आपल्यापैकी ज्यांची बाळंतपणे साठ-सत्तरच्या दशकांत या देशात झाली, त्यांना मी मुद्दाम काही सांगू इच्छिते. तेव्हा बाळ आईपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवत. घड्याळ लावून दर चार तासांनी, मोजून काही मिनिटे पाजायला आणून देत. मध्ये रडले तर बाटली. अशा रीतीने कोणत्याही बाईचे दूध कमी होईल. "मला दूधच आले नाही" असे आजवर मनात धरून बसलेल्या कितीतरी आज्या मी पाहिल्या आहेत. तो तुमच्या शरीराचा दोष नव्हता, तो त्या पद्धतीचा होता. पण ते दुःख आता सुनेच्या किंवा लेकीच्या खोलीत भीती होऊन जाऊ नये, एवढी काळजी आपण घेऊ या.

काय जपायचे

आपल्या परंपरेत बाळंतिणीला दिलेली सर्वात मोठी देणगी म्हणजे सव्वा महिन्याची विश्रांती. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत याचसाठी होती. तिने फक्त स्वतःला आणि बाळाला सांभाळायचे, बाकी सर्व घर सांभाळणार. या देशात नेमके हेच हरवते. नवऱ्याला पितृत्वाची रजा साधारण दोन आठवडे. आईला भारतातून बोलवायचे तर व्हिजिटर व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि कधी व्हिसा वेळेत हातीच पडत नाही. मग तिसऱ्या आठवड्यात ती मुलगी सकाळी आठ ते संध्याकाळी सात एकटी असते. आणि दोन-तीन आठवड्यांच्या सुमारास, पुन्हा सहाव्या आठवड्याच्या आसपास, बाळाची भूक एकदम वाढते. ते तास-तासभर अंगावर असते. बाळ आपली मागणी वाढवून दूध वाढवून घेत असते. पण एकट्या, न झोपलेल्या मुलीला वाटते, आपले दूध संपले.

दुसरी जपायची गोष्ट म्हणजे जेवण. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, बाजरीची भाकरी, शेपू, लसूण, तूप. यांतला एखादा पदार्थ जादूने दूध वाढवतो असे मी म्हणणार नाही. दूध वाढते ते बाळाच्या ओढण्याने. पण कोणीतरी आपल्यासाठी कढईपुढे उभे राहिले, गरम ताट हातात आले, याने थकलेल्या मुलीला जे बळ मिळते ते खरे असते. फक्त गरोदरपणात मधुमेह झाला असेल तर गूळ-तुपाचे लाडू बेताने द्या. ती साखरेच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असेल, तर औषध म्हणून भरपूर मेथी देण्याआधी डॉक्टरांना विचारा. तिला पाणी मुबलक प्यायला द्या. "वातूळ" म्हणून डाळी, भाज्या, फळे बंद करू नका. आपली अनेक घरे शाकाहारी आहेत. आईच्या अंगात बी-१२ कमी असले तर दुधातही ते कमी उतरते, आणि त्याचा परिणाम बाळाच्या मेंदूच्या वाढीवर होऊ शकतो. शाकाहारी बाळंतिणीने बी-१२ विषयी जीपीला जरूर विचारावे.

तिसरे, ड जीवनसत्त्व. आपली कातडी सावळी आणि इथला सूर्य हिवाळ्यात नावापुरता. अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मापासून रोज ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यावेत, असा इथल्या आरोग्यसेवेचा सल्ला आहे. आईनेही रोज १० मायक्रोग्रॅम घ्यावे. कमी उत्पन्नाच्या पात्र कुटुंबांना हे हेल्दी स्टार्ट योजनेतून मोफत मिळते. ते मागून घेण्यात कमीपणा नाही.

काय सोडायचे

आता थोडे स्पष्ट बोलते, राग मानू नये.

पहिले दूध घट्ट, पिवळसर असते. आपण त्याला चीक म्हणतो. "ते जड असते, पिळून टाका" असे अजूनही मी ऐकते. गाईच्या चिकाचा खरवस आपण वेलची-जायफळ घालून, वाटी चाटून खातो, आणि आपल्या बाळाचा चीक मात्र फेकतो! तो थेंब-थेंबच असतो, कारण बाळाची गरजही तेवढीच असते. त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये भरलेली असतात. भरपूर दूध साधारण दोन ते चार दिवसांत उतरते. तोवर "काहीच येत नाही" असे म्हणू नये.

दुसरे, मध. बाळाच्या जिभेला मध लावण्यामागची भावना मला कळते. पण मधात कधी कधी एका जंतूचे बीज असते. मोठ्यांना त्याने काही होत नाही, तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करते. बाळ लुळे पडते, श्वास घेणे कठीण होते. म्हणून एक वर्षापर्यंत मध नको, बोटभरसुद्धा नको. साखरपाणी, घुटी, सुवर्णप्राशन हेही नको. विधी करायचाच असेल तर देवापुढे वाटी ठेवा, बाळाच्या कपाळाला हात लावा, आशीर्वाद पोहोचतो.

तिसरे, एकांत. सोयरात बाळंतिणीला वेगळ्या खोलीत ठेवण्याची रीत वीस माणसांच्या वाड्यात विश्रांतीची होती. दारापलीकडे सतत कोणी तरी होते. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, नोव्हेंबरच्या अंधारात, तीच रीत तुरुंगासारखी होते. बाळंतपणानंतरचे नैराश्य हा खरा आजार आहे, तो "नाटक" नव्हे. मुलगी सारखी रडते, तिला कशातच रस वाटत नाही, बाळाकडे पाहावेसे वाटत नाही, असे दोन आठवडे चालले तर जीपीकडे न्या. स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागली, तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच क्षणी मदत बोलवा.

पुरते की नाही, कसे ओळखावे

रडण्यावरून ओळखू नका. बाळ अनेक कारणांनी रडते. नॅपीवरून ओळखा. पहिले एक-दोन दिवस शी काळी, चिकट असते. पाचव्या दिवसापर्यंत ती पिवळी होते. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा नॅप्या लघवीने जड व्हाव्यात. सुरुवातीला वजन थोडे उतरते आणि बहुतेक बाळांचे दोन-तीन आठवड्यांत भरून येते. पिताना गिळल्याचा आवाज येतो, सोडल्यावर बाळ सैल पडते. हे सर्व ठीक असेल तर दूध पुरते आहे, मग शेजारच्या बाळाने बाटलीतून किती औंस प्यायले याचा हिशेब नको.

पण काही अडचणी खरोखर वैद्यकीय असतात, त्या घरगुती उपायांवर ढकलू नका. सिझेरियन, मधुमेह, प्रसूतीत फार रक्त जाणे, वारेचा तुकडा आत राहणे, थायरॉइड यांमुळे दूध उशिरा उतरू शकते किंवा कमी येऊ शकते. बाळाची जीभ खाली बांधलेली असेल तर त्याला नीट धरता येत नाही आणि आईला जखमा होतात. पाजताना सतत कळ येणे हे "सहन करायचे" नसते. बहुधा बाळाची पकड चुकलेली असते आणि ती मिडवाइफ दाखवून सुधारता येते. स्तनात गाठ, लाली, ताप आला तर पाजणे थांबवू नका, डॉक्टरांना दाखवा. आईला काही औषध दिले की "आता पाजू नकोस" असे आपणच ठरवून टाकतो. बहुतेक औषधांबरोबर पाजता येते किंवा पर्यायी औषध मिळते. विचारल्याशिवाय थांबवू नका.

कावीळ. सावळ्या बाळाची कावीळ कातडीवर लवकर दिसत नाही. डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पाहा. साधी कावीळ असताना पाजणे थांबवायचे नसते, उलट अधिक वेळा पाजायचे असते. पण पहिल्या चोवीस तासांत कावीळ दिसली, दोन आठवड्यांनंतरही राहिली, बाळ सुस्त पडले, प्यायला उठेना, नॅप्या कोरड्या राहू लागल्या, तर वाट पाहू नका. मिडवाइफला किंवा १११ ला फोन करा, तातडी वाटली तर थेट रुग्णालय गाठा.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी आईचे दूध औषधासारखे असते. आईचे पुरेसे नसेल तेव्हा दान केलेले दूध देतात. लंडनमध्ये क्वीन शार्लट रुग्णालयाची दूधपेढी १९३९ पासून आहे. आणि आशियातली पहिली दूधपेढी आपल्या मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. दुसऱ्या आईचे दूध म्हणून कोणी नाक मुरडले तर त्यांना हे सांगा.

ज्यांना पाजता येत नाही

काहीजणींना प्रयत्न करूनही जमत नाही, काहींना आजारामुळे पाजता येत नाही, काहीजणी विचार करून नाही म्हणतात. त्यांना नावे ठेवू नका. या मंदिरात बाटलीने पाजणाऱ्या आईकडे कोणी वाकडी नजर करू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. त्या घरांसाठी दोन उपयोगाच्या गोष्टी. इथे विकल्या जाणाऱ्या सर्व पहिल्या टप्प्याच्या पावडरींना पोषणाचे कायदेशीर नियम सारखेच आहेत, तेव्हा महागडा डबा म्हणजे अधिक चांगला असे नाही. सहा महिन्यांनंतर वेगळ्या "फॉलो-ऑन" दुधाचीही गरज नसते. आणि डबा पुरवायला म्हणून पावडर कधीही कमी घालू नका. पैशांची ओढ असेल तर ट्रस्टला सांगा. नाव कोणाला कळणार नाही.

दार उघडणारे

रायगडच्या हिरकणीची कथा आपल्या सर्वांना पाठ आहे. दूध विकायला गडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी भुकेले तान्हे बाळ, आणि अंधारात कडा उतरून गेलेली आई. आपण तिच्या धैर्याचे कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण आजच्या आईला कडा उतरायला लागू नये, दरवाजा कोणीतरी उघडावा, एवढे आपण करू शकतो. महाराष्ट्रात एसटी स्थानकांवर पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आहेत. या देशात २०१० च्या समानता कायद्याप्रमाणे दुकानात, बसमध्ये, उपाहारगृहात पाजणाऱ्या आईला कोणी उठवू शकत नाही. तिला बावन्न आठवड्यांपर्यंत रजा मिळते, त्यांतली एकोणचाळीस आठवडे पात्र आयांना पगारी असतात. कायदा आहे, पण सासऱ्यांसमोर, पाहुण्यांसमोर पाजायची लाज कायद्याने जात नाही. आजोबांनी उठून न बोलता दुसऱ्या खोलीत पेपर वाचायला जावे, किंवा तिथेच बसून सहज गप्पा मारत राहावे. दोन्ही चालेल. तिला उठून जावे लागू नये, इतकेच.

म्हणून आपल्या विश्वस्त मंडळाच्या संमतीने मी आपल्यापुढे चार मागण्या ठेवते.

एक. बाळंतिणींसाठी डबा. पहिले सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा घरचे गरम जेवण. ज्यांच्या हातांना अजून चव आहे आणि घरी खाणारे कोणी उरले नाही, त्यांची या कामात सर्वात जास्त गरज आहे.

दोन. सोबत. ज्या मुलीची आई येऊ शकली नाही तिच्याकडे दुपारचे दोन तास बसायचे. सल्ला द्यायचा नाही. बाळ धरायचे, तिला अंघोळ करू द्यायची, झोपू द्यायचे. गाडीने ने-आण आजोबा मंडळी करतील.

तीन. निधी. ज्यांचे बाळ रुग्णालयात आहे अशा आयांसाठी दूध काढण्याचे यंत्र भाड्याने घेणे आणि गरजू घरांना ड जीवनसत्त्वाचे थेंब देणे यासाठी. रक्कम लहान असली तरी चालेल.

चार. जागा. सभागृहाशेजारची छोटी खोली, जिथे सध्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत, ती रिकामी करून तिथे दोन आरामखुर्च्या आणि एक पडदा. ज्यांना आडोसा हवा त्यांच्यासाठी; ज्यांना नको त्यांनी सभागृहात, देवासमोर बसून पाजावे.

नावे आणि देणगी मंदिराच्या कार्यालयात रविवारी आरतीनंतर स्वीकारली जाईल. आपल्या ओळखीत कोणाचे दिवस भरत आले असतील तर तिच्या परवानगीने तेही कळवा. येत्या दोन महिन्यांत आपल्या सभासदांच्या घरी तीन बाळे यायची आहेत. त्यांतल्या एका मुलीची आई येऊ शकणार नाही, हे आम्हाला आजच माहीत आहे.